फौजदार आणि मेट्रनबाईंच्या अकरा कोंबड्या

२ फेब्रुवारी, सकाळ

नवी वही. ड्रॉवरला नवं कुलूप. किल्ली माझ्या खिशात. या घरात माझ्या कागदांना पाय फुटतात.

वहीचं कारण फौजदार. वय अकरा महिने. जात शिकारी. मेव्हण्याने भेट दिला. सोबत सात पिढ्यांची वंशावळ, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. मेव्हणा उगाच कुणाला काही देत नाही. फोल्डर देताना म्हणाला, दाजी, आता गावाकडे राहायला गेलाय, सोबत हवी. आणि हसला. त्या हसण्याचा अर्थ तेव्हाच लावायला हवा होता.

काल फौजदाराने मेट्रनबाईंच्या कोंबडीची पिसं उपटली. फक्त तीन. मेट्रनबाई म्हणजे कुंपणापलीकडची शेजारीण. तीस वर्षं इस्पितळात वॉर्ड सांभाळला, आता अकरा कोंबड्या सांभाळतात. कोंबड्यांना नावं नाहीत, खाटांसारखे नंबर आहेत. पायात रंगीत कडी. पिसं गेली ती पाच नंबरची. बाई ती तीन पिसं थर्मामीटर धरावा तशी उजेडात धरून आल्या. म्हणाल्या, कारखानदार, हे काय? मी म्हणालो, पिसं. म्हणाल्या, ते मला दिसतंय.

मग कागदच लिहून दिला. मला बोलून दाखवायची सवय नाही, करून दाखवायची आहे. या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेपर्यंत कुत्र्याची शिकारी खोड मोडीन. तोवर एक जरी कोंबडी दगावली किंवा हरवली, तर कुत्रा मेव्हण्याकडे परत. खाली माझी सही. साक्षीदार म्हणून हिची. हिने न वाचताच सही केली. ही किराणा सामानाची यादीसुद्धा दोनदा वाचते. लक्षात ठेवतो.

मेव्हण्याकडे परत म्हणजे साखळी आणि पत्र्याची खोली. तिथून कुण्या शिकाऱ्याकडे. गिऱ्हाईक तयार आहे, असं तो फोनवर म्हणालाच. हे सगळं चालू असताना फौजदार माझ्या पावलावर हनुवटी टेकून झोपला होता. मला त्याचं काही नाही. शब्द दिलाय, इतकंच.

३ फेब्रुवारी

पद्धत ठरली.

चाळीस वर्षं जळालेल्या विजेच्या मोटारी रिवाइंड केल्या. हातात एक पाना घेऊन सुरुवात, शेवटी हाताखाली बावीस माणसं. भिंतीपलीकडे मोटार चालू असली तर कुठलं बेअरिंग जाणार ते मी कानाने सांगायचो. अजूनही कान तेच आहेत. कुत्रा म्हणजे तरी काय, एक यंत्रच. कशाने चालतं ते कळलं की संपलं.

तत्त्व असं: तोंडात काहीही असो, मी 'सोड' म्हणालो आणि त्याने सोडलं, की एक बिस्किट. दिवसाला किती वेळा सोडलं त्याचा आकडा इथे लिहायचा. आकडा वाढला की प्रगती.

कारखान्यात हेच केलं होतं. खराब बेअरिंग शोधून देईल त्याला अर्धा तास आधी सुट्टी. आठवड्याला दोन सापडायची, महिन्याभरात रोज नऊ सापडायला लागली. फोरमनचं म्हणणं, लोक आधी ती जमिनीवर आपटतात आणि मग शोधतात. फोरमन मुळात संशयी माणूस.

आजचा आकडा: १. (माझा मोजा. पायातला.)

५ फेब्रुवारी

आकडा: २. मध्ये व्यत्यय.

फौजदार दुपारी ओढ्याकडे गेला आणि कशाततरी लोळून आला. कशात ते लिहिण्याची ही वही नव्हे. चेहरा मात्र नव्या कपड्यांतल्या नवऱ्या मुलासारखा. ही म्हणाली, दारातच थांबवा. तोवर तो सोफ्यावर.

अंगणात पाईप लावून धुतला. त्याने अंग झटकलं. हिने दारातून टॉवेल धरला आणि विचारलं, दोघांपैकी आधी कुणाला? विनोद समजला. हसलो नाही.

पुस्तकात लिहिलंय, शिकारी कुत्रा स्वतःचा वास लपवण्यासाठी लोळतो. म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी आहे.

८ फेब्रुवारी

आकडा: ६. काठी, टोपी, पायपुसणं, पुन्हा टोपी, केळ्याचं साल, टोपी.

मी म्हणायच्या आतच सोडतो आता. समोर ठेवतो, मागे सरकून बसतो आणि बिस्किटांच्या डब्याकडे बघतो. हिला बोलावून दाखवलं. ही बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, अहो, तुम्हाला यात काही वेगळं दिसत नाही का? म्हणालो, दिसतं ना, शिस्त. ही आत गेली. आतून आवाज आला तो खोकल्याचा नव्हता. चाळीस वर्षांचे कान आहेत.

११ फेब्रुवारी, सकाळ

आकडा काल ९. उत्तम.

मात्र एक गोष्ट खटकली. सोडलेल्या वस्तूंमध्ये एक हिरवा रबरी हातमोजा होता. आपल्याकडे हिरवा हातमोजा नाही. मेट्रनबाई बागेत हिरवे घालतात. एक उडत आला म्हणावं, तर वारा उलट्या दिशेचा होता. मी बोट ओलं करून पाहिलं.

मग आपल्या अंगणात तो ठेवला कुणी?

१२ फेब्रुवारी

व्हरांड्यात दोन अंडी. पायरीवर, शेजारी शेजारी. कुठे चीरही नाही. वरून किंचित ओली. फौजदार बाजूला बसलेला, डब्याकडे तोंड.

शांतपणे विचार केला. शिकारी कुत्र्याच्या जबड्यात अंडं आलं तर त्याचं ऑम्लेट होणार. ही अंडी अखंड आहेत. म्हणजे हे माणसाच्या हाताचं काम आहे. उघड आहे: कुणालातरी अठ्ठावीस तारखेपर्यंत वाट बघवत नाही. पुरावा पेरला जातोय.

अंड्यांना तोंड न लावता बसून राहिल्याबद्दल फौजदाराला दोन बिस्किटं. आकडा: १४.

१३ फेब्रुवारी, दुपारी

ठेवलेली अंडी गायब. हिला विचारलं तर म्हणाली, कुठली अंडी? नजर पातेल्यात.

जेवणानंतर ही टोपली घेऊन बाहेर पडली. टोपलीवर फडकं. कुठे, विचारलं. म्हणाली, पाय मोकळे करायला. पाय मोकळे करायला टोपली?

कुंपणाशी मोगऱ्याच्या झुडपामागे उभा राहिलो. साठ पावलं अंतर, तरी शब्द न् शब्द ऐकला. ही म्हणाली, त्यांना तुम्ही काही बोलू नका, त्यांचं त्यांना कळू दे, सांगितलेलं त्यांना पटत नाही. मेट्रनबाई म्हणाल्या, बरोबर आहे, पेशंटला आपलं दुखणं आपलं आपल्याला कळलं की अर्धा आजार बरा. मग दोघी हसल्या.

कोणीतरी आजारी आहे आणि माझ्यापासून लपवलं जातंय. मेव्हणाच असणार. म्हणूनच त्याने कुत्रा इतक्या घाईने गळ्यात मारला.

आकडा: १२. थोडी घसरण. मन लागलं नाही.

१५ फेब्रुवारी

पाळत. सकाळी सहापासून पाण्याच्या टाकीमागे. स्टूल, थर्मास, टोपी. कुंपणाची पूर्ण लांबी नजरेत. कुंपणात तळाशी एक फट आहे, मांजर जाईल एवढी. कुत्र्याएवढीसुद्धा असेल, पण फौजदार माझ्या पायाशीच होता.

६.४०: हालचाल नाही.
७.००: हालचाल नाही. चहा.
९.१५: डोळे क्षणभर मिटले असावेत. थर्मासचं झाकण नाहीसं. फौजदारही जागेवर नाही.

व्हरांड्यात गेलो तर झाकण पायरीवर आणि फौजदार त्याच्या शेजारी पहाऱ्याला. म्हणजे चोर माझ्या हाताच्या अंतरावर येऊन गेला. माणूस बनेल आहे. झाकण परत मिळवून दिल्याबद्दल बिस्किट.

मेव्हण्याला फोन केला, तब्येत विचारली. म्हणाला, ठणठणीत. मग विचारतो कसा, दाजी, तुमची कशी आहे?

१७ फेब्रुवारी

आज मर्यादा ओलांडली गेली.

पायपुसण्यावर कोंबडी. जिवंत. निळं कडं, सात नंबर. पाठ ओली, पिसं सगळी जागच्या जागी, चेहऱ्यावर नाराजी. फौजदार तिच्यापासून हातभर लांब, एक पाय उचलून, शेपूट ताठ. तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. डब्याकडे बघत होता. संयम असावा तर असा! एवढी समोर कोंबडी आणून ठेवली तरी पोरगा डगमगला नाही. तीन बिस्किटं.

कोंबडी शेडमध्ये क्रेटखाली झाकून ठेवली. पुरावा. चहा पिऊन आलो तर क्रेट आहे, कोंबडी नाही. ही नुकतीच पाय मोकळे करून परत आलेली.

संध्याकाळी मेट्रनबाईंचा राऊंड ऐकला. खुराड्यात शिरताना त्या रोज मोठ्याने मोजतात. आज कान देऊन ऐकलं. एक, दोन, तीन, करत अकरा. पूर्ण अकरा!

म्हणजे बाईंकडे एक जादा कोंबडी आहे. पेरण्यासाठी.

२० फेब्रुवारी

आकडा: २३. आजवरचा उच्चांक.

यात पोस्टमनचा डावा बूट. पाय धुवायला तो नळापाशी बूट काढतो. एका बुटाने दारात आला आणि म्हणाला, साहेब, तुमच्याकडे काही आलंय का? म्हणालो, हे मी तुम्हाला विचारायचं, टपाल तुमच्याकडे असतं. तेवढ्यात त्याला पायरीवर बूट दिसला. तो माझ्याकडे बघायला लागला. मी फौजदाराकडे पाहिलं. फौजदार डब्याकडे बघत होता.

दुकानदाराने विचारलं, नातवंडं आलीत का हो, रोज एक पुडा संपतोय? माझ्या घरच्या खपावर या माणसाचं इतकं लक्ष का?

२२ फेब्रुवारी

दोन नंबर. लाल कडं. तीच पायरी, तीच ओली पाठ. आठवड्यातली ही मला दिसलेली चौथी.

ठरवलं: आता बाईंनी येऊन इथे कोंबडी 'सापडली' म्हणायच्या आत ती परत पोहोचवायची. गुपचूप. हिलाही कळू द्यायचं नाही, कारण ही कुणाच्या बाजूची ते अजून सिद्ध व्हायचंय.

कोंबडी जुन्या हत्यारांच्या पिशवीत घातली. चेन अर्धी उघडी, तिला श्वास हवा. कुंपणाच्या फटीत मी शिरू शकत नाही, म्हणून वरून. एक पाय इकडे, एक पाय तिकडे, पिशवी गळ्यात, अशा अवस्थेत पँट तारेत अडकली. आणि पोस्टमन.

तो म्हणाला, नमस्कार. कोंबडीने पिशवीतून डोकं काढलं आणि तीही काहीतरी म्हणाली. मी म्हणालो, नळाचं काम आहे. पोस्टमन खाली स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. मग लेस घट्ट बांधली आणि गेला.

२३ फेब्रुवारी

दुकानात गेलो तर गप्पा बंद. दुकानदार म्हणाला, साहेब, आज अंडी नकोच असतील? मागे कुणीतरी फिसकन हसलं. उजव्या कोपऱ्यातलं, दाढीवालं.

आयुष्यात कुणाचा एक स्क्रू उचलला नाही. बावीस माणसं मला काका म्हणायची. आणि आता मी कोंबडीचोर. बाईंचं डोकं मानलं पाहिजे. कुत्र्यावरून सुरुवात केली, मालकावर आणून ठेवलं.

आकडा लिहिला नाही.

२४ फेब्रुवारी, सकाळी ७.२०

बाथरूमच्या खिडकीत दात घासत उभा होतो. तिथून कुंपणाची फट दिसते. टाकीमागून दिसत नव्हती असं नाही, पण इथून जागा राहून दिसते.

फौजदार फटीतून पलीकडे गेला. सरपटत, पोट जमिनीला लावून. कोंबड्या दाणे टिपत होत्या. त्याने घाई केली नाही. निवड केली. पाच नंबर. तोंडात धरली ती कशी, तर मी मोटारीचा नवा गुंडाळलेला आर्मेचर उचलायचो तशी. तारेला धक्का लागणार नाही अशी. पाच नंबरने पंखही फडफडवला नाही. दोघांच्या अंगवळणी पडलेलं दिसलं. परत फटीतून. अंगण ओलांडून. पायरीवर हलकेच ठेवली. मागे सरकला. बसला. डब्याकडे तोंड.

फेस गिळला.

७.४५

शांतपणे विचार केला. हे त्याला कुणीतरी शिकवलंय. रोज, न चुकता, वस्तू आणली की बक्षीस देऊन. त्याशिवाय कुठलाही कुत्रा इतक्या नेमाने

८.१०

वही मागे चाळली. एक, दोन, सहा, नऊ, चौदा, तेवीस.

रोज नऊ बेअरिंग.

फोरमनला फोन लावला. तो हॅलो म्हणाल्यावर ठेवून दिला.

२४ फेब्रुवारी, दुपारी ४

मेट्रनबाई आल्या. हातात तो कागद. ही चहा ठेवायला उठली नाही, समोर खुर्ची ओढून बसली. तेव्हाच ओळखलं, आज निकाल आहे. फौजदार माझ्या पावलावर हनुवटी ठेवून.

बाईंनी चष्मा लावून कागद मोठ्याने वाचला. हरवली, हा शब्द दोनदा. मग म्हणाल्या, कारखानदार, पोस्टमन काय म्हणतो ते कानावर आलंय. सरळ विचारते. माझ्या कोंबड्या कोण नेतं?

एकच उत्तर खरं होतं, आणि ते दिलं की पत्र्याची खोली. खाली पाहिलं. तो झोपेत पाय हलवत होता. स्वप्नातसुद्धा काहीतरी आणत असावा.

म्हणालो, मी.

बाई म्हणाल्या, तुम्ही? म्हणालो, हो. म्हणाल्या, कशासाठी? म्हणालो, आवड आहे. म्हणाल्या, किती नेल्या? मी मनात मोजून म्हणालो, पाच. म्हणाल्या, आठ. तीन तुमच्या पाहण्यात आल्याच नाहीत, त्या हिने परस्पर आणून दिल्या. आणि त्या पाठीवर ओल्या कशा असायच्या, कारखानदार? धरता तरी कशात?

हिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. रडते आहे असं वाटून मी पाण्याचा पेला पुढे केला. रडत नव्हती.

मग सगळं बाहेर आलं. पहिल्या दिवसापासून बाईंनी खिडकीतून पाहिलं होतं. ही फडक्याखाली कोंबडी घालून परत पोहोचवत होती, म्हणून राऊंड अकराचा. बाई म्हणाल्या, एकाही पेशंटला दाताचा ओरखडा नाही. माझ्या वॉर्डात इतक्या हळू हाताने उचलणाऱ्या दोनच नर्सा होत्या. खोड कुत्र्याची नव्हेच, डब्याची आहे. ही म्हणाली, मी आठ तारखेलाच विचारलं होतं, यात वेगळं काही दिसत नाही का म्हणून. म्हणालो, मग सरळ सांगायचं होतं. दोघी एकमेकींकडे बघून म्हणाल्या, सांगून?

बाईंनी हात पुढे केला. कागद देतायत असं वाटलं. डबा मागत होत्या. म्हणाल्या, अजून चार दिवस आहेत.

कागद त्यांनी पुन्हा घडी करून खिशात ठेवला. ते मला आवडलं नाही.

२६ फेब्रुवारी

बाईंची पद्धत: तोंड रिकामं असेल तर बिस्किट. काही आणलं तर कोणीच बघायचं नाही. बस, एवढंच. याला पद्धत म्हणतात?

फौजदाराने काल टोपी आणली. कोणी बघितलं नाही. मोजा आणला. कोणी बघितलं नाही. मला बघायची इच्छा झाली तेव्हा हिने खांद्याला धरून वळवलं. तासाभराने तो रिकामा आला, गोंधळलेला, जीभ बाहेर. बिस्किट. आज सकाळपासून रिकामाच फिरतोय.

यंत्र माझंच होतं. किरकोळ जोडणी बदलली, इतकंच.

२८ फेब्रुवारी

परीक्षा. बाईंनी खुराड्याचं दार उघडलं आणि फौजदाराला मधोमध बसवलं. मला कुंपणाबाहेर उभं केलं. मी असलो की तो कामाला लागतो, असं त्यांचं म्हणणं.

सात नंबर त्याच्या नाकासमोरून गेली. दोन नंबरने शेपटीजवळ उकरलं. त्याच्या पाठीवर शहारा उठलेला मला इथून दिसला. माझ्याही उठला. शेवटी पाच नंबर, तीन पिसं कमी असलेली, सरळ चालत आली आणि त्याच्या पुढच्या पायांच्या मध्ये बसली. त्याने तिच्याकडे पाहिलं. मग बाईंकडे. मग मान वळवून लांब कुंपणाबाहेर, माझ्याकडे. आणि पंज्यांवर हनुवटी ठेवली.

मोजणी: अकरा. मी बाहेरून त्यांच्याबरोबर मोजली.

कागद बाईंनी फाडला. तुकडे माझ्या हातात दिले. नाक शिंकरलं, हवेत धूळ फार होती. मेव्हण्याला कळवलं की कुत्रा इथेच राहणार. तो म्हणाला, दाजी, तुम्हाला जमेल असं वाटलं नव्हतं. म्हणालो, पद्धत लागते.

पोस्टमनला सगळं समजावून सांगितलं. म्हणाला, हो हो, साहेब, नळाचं काम.

२ मार्च, संध्याकाळ

घर शांत. टोपी खुंटीवर. दोन्ही मोजे पायात. पायरीवर काही नाही. डबा हिच्या ताब्यात, फळीवर वरच्या बाजूला. ही मेट्रनबाईंकडे गेली आहे. टोपलीशिवाय.

फौजदार अंगणात पडून होता. माझ्याकडे आला, रिकाम्या तोंडाने, थोडा थांबला आणि परत गेला. दिवसभरात हे तीनदा. आकडा लिहायला वही काढली, लिहायला काही नव्हतं.

म्हणून इकडेतिकडे कोणी नाही असं बघून डाव्या पायातली चप्पल काढली आणि त्याच्यासमोर ठेवली. हळूच म्हणालो, एकदाच. आण. मग मी सोड म्हणतो.

त्याने चपलेकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा चपलेकडे. लांबूनच एकदा वास घेतला, उठला आणि दोन पावलं मागे सरकून बसला.

कुणीतरी मुद्दाम आणून ठेवली असणार, असं त्याचं मत दिसलं.